क्रोमाइटची काळी वाळू

इस्लामपूरच्या माणसाला वाळू म्हटली की कृष्णेची आठवते. तीही काळपटच, पण ती बेसाल्टची. साधारण 1200 अंशांपर्यंत ती वितळते. पोलाद साच्यात ओततात ते याहून कितीतरी जास्त तापमानाला. तिथे क्रोमाइटची वाळू कामाला येते, आणि तिचे गुण कळतात तेही साच्याजवळच.

मूठभर हातावर घ्या. बारीक, काळे, चकाकणारे दाणे, आणि वजन चांगलेच जाणवणारे. विशिष्ट गुरुत्व सुमारे 4.5, नेहमीच्या सिलिका वाळूचे 2.65. लोह, क्रोमियम आणि ऑक्सिजन यांचे हे खनिज.

मला ही वाळू आवडते ती तिच्या स्थिर स्वभावामुळे. सिलिकाचा दाणा 573 अंशांला स्फटिकरचना बदलतो आणि एकदम फुगतो. त्याने साचा तडकतो, कास्टिंगवर, म्हणजे ओतीव वस्तूवर, शिरा उठतात. क्रोमाइट तापत जाते तसे थोडेथोडे प्रसरण पावते, एवढेच. वितळलेले पोलाद तिला सहसा भिजवत नाही. शिवाय उष्णता ती झपाट्याने ओढून घेते, त्यामुळे कास्टिंगचा जाड भाग लवकर गोठतो.

किर्लोस्करवाडीत 1910 पासून नांगरांची परंपरा आहे, पण ते काम बिडाचे, आणि बिडाला सिलिका वाळू सहसा पुरते. क्रोमाइटची खरी कसोटी मँगनीज पोलादात लागते. आपल्याकडचा काळा पाषाण फोडून खडी करणाऱ्या क्रशरचे जबडे याच पोलादाचे असतात. धातुशास्त्रज्ञ हॅडफिल्डने 1882 मध्ये शोधलेले हे पोलाद मार खाईल तसे कठीण होत जाते. ओतताना त्यातल्या मँगनीजचा ऑक्साइड सिलिकाशी संयोग पावतो आणि काचेसारखा थर कास्टिंगला घट्ट धरतो. तो काढताना फेटलिंगवाल्याचा, म्हणजे कास्टिंग साफ करणाऱ्याचा, जीव मेटाकुटीला येतो, कारण खालचे पोलाद हत्याराला दाद देत नाही. क्रोमाइट त्या ऑक्साइडला फारसे जुमानत नाही. कास्टिंग साच्यातून स्वच्छ निघते.

सिंधुदुर्गात कणकवलीजवळ क्रोमाइट सापडते, पण देशाचा बहुतेक साठा ओडिशात सुकिंद्याच्या खोऱ्यात आहे. ही वाळू महाग, म्हणून ती साच्यात धातूला भिडणाऱ्या थरापुरतीच वापरतात. मागे सिलिका भरतात. नॉकआउटनंतर, म्हणजे साचा फोडून कास्टिंग काढल्यावर, दोन्ही मिसळतात. क्रोमाइट मात्र किंचित चुंबकीय असल्याने जोरदार चुंबकाने वेगळी निघते. फाउंड्रीवाल्यांना एवढीच विनंती: ही वाळू ओढ्याकाठी टाकू नका, वेगळी काढा आणि पुन्हा साच्यात घाला.