उष्णतेच्या धड्यात राहून गेलेला प्रश्न

शालेय विज्ञानाच्या पुस्तकांत उष्णतेच्या संक्रमणाचा धडा बहुधा ठरलेल्या क्रमाने येतो : आधी वहन, मग अभिसरण, शेवटी प्रारण. वहनासाठी मेणाने टाचण्या चिकटवलेल्या सळया, अभिसरणासाठी चंचुपात्रातला पोटॅशियम परमँगनेटचा खडा, प्रारणासाठी सूर्य. हे प्रयोग आपापल्या जागी चांगलेच आहेत. आमचा आक्षेप निराळा आहे. व्यवहारात हे प्रकार एकाच वाटेवर एकामागून एक येतात. त्या वाटेवर खरी अडवणूक कोठे होते, हा प्रश्न धडा विचारतच नाही.

एक उदाहरण घेऊ. ऑस्ट्रिया, जर्मनी, इटली या देशांत अनेक घरे पेलेट बॉयलरवर उबदार ठेवली जातात. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, ६ किंवा ८ मिलिमीटर व्यासाच्या कांड्या. त्या आपोआप थोड्याथोड्या जाळात पडतात. तप्त वायू पोलादी नळ्यांतून जातात, नळ्यांभोवती पाणी असते आणि तेच पाणी घरभर फिरते. आपल्याकडचा तांब्याचा बंब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रचना परकी वाटणार नाही : मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी.

आता विद्यार्थ्याला विचारा, पाण्याला अधिक उष्णता मिळावी म्हणून काय कराल? धडा नीट वाचलेला विद्यार्थी सांगेल, नळ्या तांब्याच्या करा. तांबे पोलादापेक्षा सातआठ पट चांगले वाहक आहे. या उत्तराला गुणही मिळतील. पण ते कितपत खरे आहे?

वायूपासून पाण्यापर्यंत उष्णतेला तीन अडथळे ओलांडावे लागतात : नळीच्या आतल्या अंगाला चिकटून असलेला वायूचा मंद थर, धातूची भिंत आणि पाण्याचा थर. साधारण आकडे असे घेता येतात. वायूकडून भिंतीला दर चौरस मीटरला, दर अंश फरकाला सुमारे २० वॅट. भिंतीकडून पाण्याला सुमारे १००० वॅट. आणि ४ मिलिमीटर पोलादातून तब्बल १२,५०० वॅट. अडथळा या आकड्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. एकूण अडथळा १०० मानला, तर वायूच्या थराचा वाटा ९८, पाण्याचा जवळजवळ २ आणि पोलादाचा एकपंचमांशाहूनही कमी! तांबे वापरून वाचेल ते या शेवटच्या क्षुल्लक वाट्यातूनच.

याउलट नळीत १ मिलिमीटर राख-काजळी साचली की अडथळ्यात सुमारे २० ची भर पडते. म्हणजे ब्रश फिरवण्याचे साधे काम धातू बदलण्यापेक्षा कितीतरी मोलाचे ठरते. नळीत पिळाची पोलादी पट्टी बसवतात तीही यासाठीच. वायू घुसळला जातो आणि भिंतीलगतचा मंद थर मोडतो. काही बॉयलरांत याच पट्ट्या दांडा हलवून वरखाली करता येतात, त्यामुळे राखही खरवडली जाते.

पण पट्टीलाही मर्यादा आहेत. बाहेर पडणारे वायू ५० अंशांनी अधिक थंड केले, तरी जादा हवा बेताची असल्यास बचत इंधनाच्या दोनतीन टक्क्यांचीच. जाळाला गरजेपेक्षा फार अधिक हवा मिळत असेल, तर ती आवरण्याने कधीकधी याहून अधिक लाभ होतो, कारण ती हवा उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. शिवाय पट्टीमुळे वायूचा मार्ग अडतो, म्हणून पंखा वा धुराड्याची ओढ पुरेशी हवी. वायू थंड करण्यालाही सीमा आहे. भिंत सुमारे ५० अंशांच्या खाली गेली की धुरातली वाफ तिच्यावर द्रवते आणि साधे पोलाद गंजू लागते. म्हणूनच साध्या बॉयलरकडे परतणारे पाणी फार गार असू देत नाहीत.

यातले काहीही शाळेच्या आवाक्याबाहेरचे नाही. रोधांची एकसर जोडणी आपण विजेच्या धड्यात शिकवतोच. उष्णतेच्या धड्यात मात्र तिची आठवण करून देत नाही. परिणामी मुलांना तीन व्याख्या पाठ होतात, पण घरमालकाने तांब्यावर पैसे खर्च करावेत की नळ्या साफ कराव्यात, हे त्यांना सांगता येत नाही.

शिक्षकांनी एक प्रयोग करून पाहावा. एकाच आकाराचे दोन लखलखीत पेले घ्या, एक तांब्याचा, एक स्टीलचा. दोन्हींत सारखेच गरम पाणी भरा, सारखी झाकणे ठेवा आणि दर पाच मिनिटांनी तापमान नोंदवा. दोन्ही जवळजवळ सारख्याच गतीने निवतील. मग नव्याने गरम पाणी भरून पंख्याखाली ठेवा. दोन्ही लवकर निवतील. धातू बदलून जे साधले नाही, ते हवा हलवून का साधले, हे मुलांनाच विचारावे. टाचण्यांचा प्रयोग त्यानंतर दाखवला, तर त्याचाही अर्थ अधिक नीट कळेल.