केकचे रसग्रहण

साहित्याच्या समीक्षेत आशय आणि अभिव्यक्ती असे दोन पक्ष असतात. केकमध्येही असतात. आतला तो आशय. वरची ती अभिव्यक्ती, तिलाच बेकरीवाला आयसिंग म्हणतो. आमच्या बँकेच्या भाषेत सांगायचं तर हे मार्चअखेरचं विंडो ड्रेसिंग! ताळेबंद देखणा दिसतो, पण सुरी फिरली की आत काय ते कळतंच.

नांदेड-लातूरकडच्या केकची समीक्षा हवामानापासून सुरू करावी लागते. लोणी ३२ ते ३५ अंशांना पाघळतं आणि आमचा मे महिना ४२ची भाषा बोलतो. त्यामुळे लोणी-साखरेचं बटरक्रीम हा इकडे अल्पायुषी प्रकार. लातूरला काढलेला गुलाब चाकूरपर्यंत गुलाब असतो, अहमदपूरला त्याचा कोबी होतो आणि लोहा ओलांडून नांदेड येईस्तोवर पिठलं! म्हणून बेकरीवाले वनस्पती तेलाचं फेटलेलं क्रीम वापरतात. ते तग धरतं खरं, पण थकलेल्या कर्जासारखं टाळूवरून हलत नाही.

फॉन्डंट म्हणजे साखरेची मळलेली कणीक. ती पोळीसारखी लाटून केकवर पांघरतात, तिचीच खेळणी करतात. लातुरात पोराचा मेडिकलला नंबर लागला की केकवर साखरेचा स्टेथोस्कोप आलाच. दिसतो झकास, पण लोक तो ताटलीच्या कडेला काढून ठेवतात. जो अलंकार रसिक बाजूला काढून ठेवतो, तो फसला म्हणायचा.

रंगाचंही तसंच. २०२४ साली शेजारच्या कर्नाटकात अन्नसुरक्षा खात्यानं २३५ केक तपासले. त्यांतल्या १२ मध्ये कृत्रिम रंग अपायकारक निघाले. तेव्हा केक जितका भडक, तितकी शंका रास्त.

पण खरा पेच फोटो केकचा. आजीच्या अमृतमहोत्सवाला तिचा फोटो खाण्याच्या शाईनं साखरेच्या कागदावर छापून केकवर चिकटवतात. बेकरीवाला हौसेनं भोवती पांढऱ्या फुलांची वेलबुट्टी काढतो. पुढे मेणबत्ती पेटते. आता बघा, फोटो, त्याला फुलांचा हार, समोर ज्योत! आपल्याकडे हे साहित्य कधी जमवतात? आजी चटकन ओळखते. "मी काय मेले का रे? अजून बसले की इथं!" मग सुरी हातात येते आणि कुठं कापावं ते कोणाला सुचत नाही. कपाळावर कुंकू, तिथं नको. गळा तर नकोच नको. शेवटी एखादा नातू पदराचं टोक सुचवतो.

माणूस समोर बसलेलं असताना त्याचं चित्र कशाला? आधी निरांजनानं औक्षण करावं, केक मागून. वर क्रीम पातळ, कडेला चार ठिपके. वरच्या अंगाला ठसठशीत मराठीत 'आई', आणि खाली सुरीला मोकळी जागा. कापून झालं की 'आई' लिहिलेला तुकडा जिचा तिला द्यावा.