डाल्टनच्या परमाणुवादाचें मूळ : एक चिकित्सा

जॉन डाल्टन (१७६६–१८४४) यास परमाणुवाद कसा सुचला, याची एक हकीकत पाठ्यपुस्तकांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. कर्ब व उज्जवायु यांच्या दोन संयुगांत, तितक्याच कर्बास एकांत दुसऱ्याच्या दुप्पट उज्जवायु आढळला व त्यावरून परमाणूंची कल्पना निघाली, अशी ती हकीकत. तिचा मुख्य आधार टॉमस टॉमसन. तो १८०४ च्या ऑगस्टांत डाल्टनास भेटला होता. साक्षीदार समकालीन खरा. परंतु ही उत्पत्तिकथा त्यानें आपल्या रसायनेतिहासांत छापली ती १८३१ त.

रॉस्को व हार्डन यांनीं १८९६ त डाल्टनच्या टिपणवह्यांतील उतारे प्रसिद्ध करून या कथेस धक्का दिला. ६ सप्टेंबर १८०३ च्या टिपणांत परमाणुभारांचें कोष्टक आहे : उज्जवायु १, प्राणवायु ५·६६. त्या दोन संयुगांचें पृथक्करण मात्र १८०४ च्या उन्हाळ्यांतलें. कार्य आधीं व कारण मागून, हें संभवत नाहीं. वायूंचें मिश्रण व पाण्यांतील शोषण यांच्या विचारांतून वाद उपजला, हा संपादकांचा निष्कर्ष दिशेनें योग्य आहे.

तथापि डाल्टनच्या १८१० च्या व्याख्यान-टिपणावर त्यांनीं टाकलेला भार आम्हांस अधिक वाटतो. निरनिराळ्या वायूंचे कण भिन्न आकाराचे असावेत हा विचार १८०५ त सुचला, असें डाल्टन तेथें म्हणतो; कोष्टक तर १८०३ चें! शोधकर्त्याची स्मृतिही दगा देते; मग ऐकीव साक्षीची काय कथा!

वादाचें सामर्थ्य परमाणु मानण्यांत नव्हे. ती कल्पना प्राचीन आहे. प्रत्येक मूलद्रव्याच्या परमाणूस ठराविक भार देऊन तो तराजूच्या कसोटीस लाविला, हें डाल्टनचें कार्य. वैगुण्यही तेथेंच. दोन द्रव्यांचें एकच संयुग ज्ञात असेल तर त्यांत एकास एक परमाणु मानावा, हा त्याचा नियम निराधार होता. त्यामुळें पाण्यांत उज्जवायूचा एकच परमाणु धरला गेला. १८०८ च्या ग्रंथांत प्राणवायूचा भार ७ झाला, पण गृहीत तेंच राहिलें. अवोगाड्रोचें १८११ चें मत कानिझारोनें १८५८ त पुढें आणिलें, तेव्हां कोठें ही गांठ सुटली.

१९४० च्या डिसेंबरांत मँचेस्टरवरील बाँबवर्षावांत डाल्टनचे बहुतेक कागद जळाले. आज पुष्कळ ठिकाणीं छापील उतारा हाच पुरावा उरला आहे. निष्कर्षांविषयीं मतभेद राहो. अस्सल कागद वेळींच छापल्याबद्दल त्या संपादकांचें ऋण मान्य केलेंच पाहिजे.