कातणे, ओपणे आणि प्रतिमानाची भाषा

धातूची कापणी व पृष्ठाची ओपणी या क्रियांचे संख्यात्मक प्रतिमान मराठीत मांडू पाहणाऱ्या लेखकाची अडचण केवळ शब्दांच्या टंचाईची नाही. शब्द मिळतात; परंतु ज्या भेदावर सारा विषय उभा आहे तो भेदच कित्येकदा या शब्दांनी पुसला जातो. म्हणून अशा लेखनाचे परीक्षण शुद्धलेखनापाशी न थांबता अर्थापर्यंत गेले पाहिजे.

उदाहरणासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १९७५ साली स्थापन झालेल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटचे आवार पुण्यानजीक मांजरी बुद्रुक येथे आहे. ज्या साखरधंद्यासाठी ही संस्था काम करते, त्यातील घाण्याचे प्रमुख अंग म्हणजे ऊस पिळणारी लाट. लाटेच्या आसाचा बेअरिंगमध्ये फिरणारा भाग कारखान्यात 'जर्नल' या नावाने ओळखला जातो. हा भाग लेथवर कातला म्हणजे हत्याराच्या धारेपुढे धातूचा थर सरकतो आणि चिप होऊन वेगळा पडतो. तोच भाग फिरत असताना त्यावर कठीण व गुळगुळीत रूळ दाबून धरला, तर धातू निघत नाही. पृष्ठावरील सूक्ष्म उंचवटे दबून शेजारच्या खोलगटांत पसरतात, वरचा थर अधिक कठीण होतो आणि त्यात कायमचा दाब उरतो. पहिल्या क्रियेत धातू जातो. दुसरीत तो जागीच हलतो. दोहोंनंतर पृष्ठ चकाकते खरे, परंतु तेवढ्यावरून दोहोंना 'पॉलिश' म्हणणे हे परिणाम पाहून क्रियेचे नाव ठेवण्यासारखे आहे.

माणसाला न सांगितला तरी चालणारा हा भेद संगणकाला मात्र सांगावाच लागतो. रे क्लफ यांनी १९६० साली नाव दिलेल्या परिमित घटक पद्धतीत धातूच्या जागी लहान लहान घटकांची जाळी कल्पिलेली असते. कातण्याच्या प्रतिमानात ही जाळी कोठे व कोणत्या अटीवर विलग व्हावी, अथवा विरूप झाल्यावर ती पुन्हा केव्हा विणावी, याचा निर्णय करावा लागतो. ओपण्याच्या प्रतिमानात विलग होण्याचा प्रश्नच नसतो. तेथे रूळ पुढे गेल्यावर धातू किती परत उसळतो, हे कळीचे ठरते. नाव चुकले की प्रश्नच बदलतो.

या दृष्टीने रूढ होऊ पाहणारे दोन शब्द तपासण्याजोगे आहेत. 'कर्तन' हा शब्द कापण्यासाठी आणि थरांच्या परस्परांवरून सरकण्यासाठीही योजला, तर 'ओपताना कर्तन होते' हे वाक्य एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने खोटे ठरते. 'ताण' या शब्दाची तीच गत आहे. ओपलेल्या थरात दाब उरतो हेच त्या क्रियेचे मोठे फळ. त्याला 'अवशिष्ट ताण' म्हटले की चिन्हच उलटते. येथे 'प्रतिबल' हा सामान्य शब्द ठेवून 'ताण' आणि 'दाब' हे त्याचे दोन प्रकार मानणे श्रेयस्कर. उलटपक्षी, सोनारकामातील 'ओपणे' व 'ओपणी' हे शब्द आयतेच हाताशी आहेत. 'ओपणे' म्हणजे 'देणे' असाही अर्थ आहे, आणि काव्यात 'ओप' हा नुसत्या तेजाचा वाचक आहे, हा आक्षेप खरा. परंतु 'कातणे' हे क्रियापदही सूत आणि लाकूड या दोहोंना लागत आलेले आहे, आणि संदर्भाने तेथे कधी घोटाळा झालेला नाही.

नामांहून अधिक सावधगिरी क्रियापदांबाबत हवी. प्रतिमान ही वस्तुतः उपमा होय. खरा आस हे उपमेय, जाळीचा आस हे उपमान, आणि धातूच्या वर्तनाचे सूत्र हा साधारण धर्म. गॉर्डन जॉन्सन व विल्यम कुक यांनी १९८३ साली मांडलेले सूत्र या कामी फार वापरले जाते. विकृती, तिचा वेग आणि तापमान यांचे तीन गुणक व पाच स्थिरांक एवढ्यावर ते उभे आहे. ४३४० या पोलादासाठी त्यांतील पहिला स्थिरांक ७९२ मेगापास्कल दिलेला आहे. हे स्थिरांक ताणण्याच्या व पिळण्याच्या प्रयोगांतून काढलेले होते. कापणीतील विकृतीचा वेग मात्र सेकंदाला दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे साधारण धर्म जेथे पारखला गेला त्या सीमेपलीकडे उपमा ताणली जाते. ताणण्यास हरकत नाही. परंतु तसे सांगितले पाहिजे.

नेमके हेच सांगणे 'आढळते' या एका क्रियापदाने बुडते. 'ओपलेल्या थरात दाब आढळला' असे लिहिले, तर क्ष-किरणांनी खऱ्या आसावर मोजमाप झाले असे वाचक समजतो. गणिताने तो दाब 'निघाला' असेल, तर तसेच लिहावे. मराठीत 'दिसते', 'आढळते', 'निघते', 'ठरते' या क्रियापदांतून ज्ञानाचा उगम सूचित करता येतो. हा भेद सोडला की उपमेचे रूपक होते: जाळीचा आस हाच खरा आस मानला जातो.

याचा परिणाम कागदापुरता राहत नाही. मांजरीनजीकच्या मुंढव्यात भारत फोर्जचा उद्योग आहे, आणि क्रँकशाफ्ट हे त्याचे एक प्रसिद्ध उत्पादन. क्रँकशाफ्टच्या वळणखाचांवर रूळ दाबण्याची प्रक्रिया मोटारउद्योगात सर्वत्र परिचित आहे, कारण प्रत्येक फेऱ्यासरशी आलटून पालटून येणाऱ्या भारामुळे तेथेच तडा जन्मतो, आणि थरात उरलेला दाब त्याची वाढ रोखून धरतो. 'निघालेला' दाब 'आढळलेला' समजून कोणी आसाचा व्यास कमी केला, तर भाषेतील शैथिल्याचा हिशेब पोलादाला द्यावा लागेल. तांत्रिक प्रबंधांच्या परीक्षकांनी आकृत्यांइतकीच क्रियापदेही तपासावीत, ही अपेक्षा म्हणूनच अवाजवी ठरू नये.