खुडूक कोंबडीचा हिशेब

परसातील कुक्कुटपालनावरची एक माहितीपुस्तिका अकलूजमध्ये नुकतीच वाचायला मिळाली. लसीकरण आणि निवारा यांवरची तिची पाने उपयुक्त आहेत. आक्षेप आहे तो पहिल्याच तक्त्याला : देशी कोंबडी वर्षाला ६० अंडी, सुधारित कोंबडी १५०. यावरून देशी कोंबडी निकृष्ट ठरवली आहे. आकडे ढोबळमानाने बरोबर आहेत. तुलना मात्र चुकीची आहे.

वस्तीवरची कोंबडी काय करते ते पाहू. सुमारे तीन आठवड्यांत ती १२ ते १५ अंडी घालते आणि खुडूक होते. तिच्या रक्तात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते, अंडाशय आक्रसते आणि अंडी थांबतात. मग २१ दिवस ती अंडी उबवते व पुढे सुमारे आठ आठवडे पिले सांभाळते. असा एक फेरा १४ आठवड्यांचा. वर्षाच्या ५२ आठवड्यांत पावणेचार फेरे बसतात. प्रत्येक फेऱ्यात १५ अंडी धरली तर ५५ च्या आसपास होतात. म्हणजे अंडी कमी दिसतात, कारण उरलेला वेळ कोंबडी उबवणी यंत्राचे आणि दाईचे काम करते. तक्त्यात त्या कामाला रकानाच नाही.

लेगहॉर्नमधून खुडूकपणा निवडीने जवळजवळ काढून टाकलेला आहे. वनराज, गिरिराज या कोंबड्याही सहसा खुडूक होत नाहीत. त्यांची अंडी जास्त. पण पुढची पिले विकत आणावी लागतात. अडीनडीला कोंबडी विकून पैसा उभा करणाऱ्या बाईला हा खर्च लहान नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात परसातील पक्षी ३१ कोटींहून अधिक भरले. तेव्हा प्रश्न थोड्या घरांचा नाही.

मग मोजायचे काय? एका कोंबडीमागे वर्षात किती पिले आठ आठवड्यांची झाली, ते. समजा, १५ अंड्यांतून १२ पिले निघाली आणि त्यांतली सहा घार, मुंगूस व मानमोडी यांनी नेली. येथे तोटा अंड्यांत नाही, पिलांत आहे. आफ्रिकेच्या सवाना प्रदेशातील लहान शेतकऱ्यांचीही हीच अडचण आहे. अशा ठिकाणी जात बदलण्याआधी पिलांवर डालगे घालावे आणि लस द्यावी.

शिक्षकांनी हे वर्गात पडताळून पाहावे. ज्यांच्या घरी कोंबड्या आहेत त्या विद्यार्थ्यांनी वहीत चार रकाने आखावेत : घातलेली अंडी, उबवायला ठेवलेली अंडी, निघालेली पिले, आठ आठवड्यांनी जगलेली पिले. वर्षभराने ही वही पुस्तिकेतल्या तक्त्याशेजारी ठेवावी.