उत्पादन थांबलेल्या मोटारी आणि त्यांचे भक्तमंडळ : ‘टाटा सिएरा’च्या निमित्ताने

बीजसंज्ञा : दुर्मीळता, भौतिक संस्कृती, टाटा सिएरा, प्रीमियर पद्मिनी, सुटे भाग, कारागिरी.

प्रस्तावना :

उत्पादन कायमचे थांबलेल्या मोटारीभोवती जमणाऱ्या चाहत्यांचा विचार मराठीत बहुधा ‘हौस’ या एका शब्दावर आटोपला जातो. हौसेला मोल नाही, असे म्हटले की मालकाने केलेला खर्च समजून घेण्याची जबाबदारी संपते. जुने ते सोने, असे म्हटले की गाडीच्या गुणदोषांची चिकित्सा करण्याची गरज उरत नाही. वस्तुतः अशी मोटार हा एक सांस्कृतिक दस्तऐवज असतो आणि साहित्यकृतीप्रमाणेच त्याचेही वाचन करता येते. प्रस्तुत लेखात पुण्यात जन्मलेल्या ‘टाटा सिएरा’ या मोटारीचे आणि तिच्या निष्ठावंत चाहत्यांच्या भूमिकेचे परीक्षण केले आहे. अशी मोटार एकट्या मालकाच्या प्रेमावर जगत नाही, तिला जगवणारे हात वेगळेच असतात, हे या परीक्षणातून प्रामुख्याने पुढे येते.

दुर्मीळतेचे स्वरूप :

‘दुर्मीळ’ हे विशेषण चाहते सरसकट वापरतात. परंतु दुर्मीळता एकाच कारणाने येत नाही. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून बाहेर पडलेली फियाट 1100, म्हणजेच पुढची ‘प्रीमियर पद्मिनी’, मुळात दुर्मीळ नव्हतीच. ती मुंबईच्या टॅक्सीचा पर्याय होती. ती दुर्मीळ झाली ती भंगारात गेल्यामुळे. याउलट गोव्यातील वेर्णे येथे सॅन मोटर्सने 1998 मध्ये आणलेली ‘सॅन स्टॉर्म’ ही फायबरच्या बांधणीची, उघड्या टपाची, दोन आसनी गाडी पहिल्या दिवसापासूनच थोड्यांची होती. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांची ‘मीरा’ तर त्याही पलीकडची. 1949 पासून अनेक नमुने तयार होऊनही ती बाजारात कधी आलीच नाही. जी गाडी कोणाला विकतच घेता आली नाही, तिचे भक्तमंडळ कसे निर्माण होणार? मराठी माणसाला आपल्या या मोटारीची आठवण कर्तृत्वापेक्षा हळहळीच्या स्वरूपात राहिली आहे, त्याचे कारण हेच असावे.

सिएरा या सर्वांच्या मध्ये उभी आहे. ती बाजारात आली, रस्त्यावर दिसली, पण तिने बाजार जिंकला नाही. टेल्कोने (2003 पासून टाटा मोटर्स) 1991 मध्ये ती आणली. टाटामोबाइल या मालवाहू पिकअपच्या पायावर ती बेतलेली होती आणि पिकअपच्या पुढच्या भागाशी असलेले तिचे नाते लपलेले नव्हते. 1948 घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन, बाजूंना दोनच दारे, मागच्या दारावर टांगलेले जादा चाक आणि मागील आसनांच्या दोन्ही बाजूंना थेट छतात वळत जाणारी अखंड काच, असे तिचे रूप होते. वातानुकूलन, विजेवर चालणाऱ्या खिडक्या, इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा या गोष्टी त्या काळच्या भारतीय मोटारीत अपूर्वाईच्या होत्या. मात्र किंमत सामान्य मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर होती, इंजिन गाडीच्या वजनाच्या मानाने अशक्त होते (टर्बोची जोड 1997 मध्ये मिळाली) आणि कुटुंबवत्सल ग्राहकाला दोन दारांची मोठी गाडी पटत नव्हती. पुढच्या आसनावरून वाकून मागे जाणाऱ्या आजीचे हाल कोणत्या घरात चालवून घेतले गेले असते?

चाहत्यांच्या लेखी मात्र हेच दोष गुण ठरतात. दोन दारे म्हणजे धाडस, न उघडणारी काच म्हणजे कल्पकता, मंद इंजिन म्हणजे दणकटपणा. या मूल्यव्यवस्थेत अपयश हीच सचोटीची खूण असते. पडलेल्या नाटकाला पुढील पिढीने ‘काळाच्या पुढचे’ ठरवावे, तशातला हा प्रकार आहे. त्यात सत्याचा अंश नाही असे नाही. 1991 च्या भारतात स्वतःच्या आरेखनाची प्रवासी गाडी काढणे हे धैर्याचेच काम होते. परंतु दोन दारांमागे सौंदर्यदृष्टी जितकी होती, तितकीच पिकअपचे घटक वापरून भांडवल वाचवण्याची निकडही होती, हे मान्य केल्याने गाडीचे मोल कमी होत नाही. उलट तुटपुंज्या साधनांतून काय साधले, हे अधिक स्पष्ट होते.

काच आणि इंजिन :

सिएरा बाळगणे म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी प्रदर्शनापेक्षा गॅरेजकडे वळणे इष्ट. पुण्यातील मालकापुढचा पहिला प्रश्न जागेचा असतो. सदनिकेला पार्किंग एकच. तेथे रोजची गाडी उभी राहते. मग दुसरीसाठी शहराबाहेर छप्पर शोधावे लागते. हिंजवडी-माण आणि पिरंगुट यांच्या दरम्यानच्या पट्ट्यातील चांदे-नांदे यांसारख्या मुळशी तालुक्यातील गावांचा विचार अशा वेळी होणे स्वाभाविक आहे. पिंपरी-चिंचवडही तेथून फार दूर नाही. (ज्या तालुक्याने 1921 ते 1924 या काळात सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेथे टाटांची गाडी जपली जावी, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.) पण मुळशीचा पाऊस पत्र्याचा शत्रू. चार महिने दमट हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचा तळपत्रा, दाराखालची पट्टी, काचेभोवतीची रबरी किनार यांची अवस्था काय होते, हे डेंटिंग करणाऱ्या कारागिरालाच विचारावे. केवळ जमीन आहे म्हणून गाडी टिकत नाही. तिला कोरडी शेड लागते, आणि ती अधूनमधून चालवावीही लागते.

येथेच एक विसंगती समोर येते. सिएराचे इंजिन दुरुस्त करणे हे तिची काच मिळवण्यापेक्षा सोपे असते. कारण इंजिन तिचे एकटीचे नव्हते. तेच टाटामोबाइलमध्ये होते आणि 1994 मध्ये आलेल्या सुमोमध्येही होते. सुमंत मूळगावकर यांच्या नावावरून ओळखली गेलेली ही सुमो खेडोपाडी वडाप म्हणून धावली, लग्नाची वऱ्हाडे तिने वाहिली. तिच्यासाठी सुटे भाग बनत राहिले, दुकानांत साठत राहिले, आणि ते इंजिन डोळे मिटून उघडू शकणारे फिटर तयार झाले. छतात वळणारी ती अखंड काच मात्र फक्त सिएराची. ती फुटली की जुन्या बाजारात दुसऱ्या एखाद्या सिएराचा सांगाडा शोधावा लागतो. म्हणजे एक गाडी जगवण्यासाठी दुसरी मरावी लागते. ज्यावर भक्तांचे प्रेम, ते मिळत नाही. ज्याकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत, त्या कष्टकरी भावंडांच्या बळावर गाडी चालते.

चाहत्यांच्या भूमिकेतील खरी उणीव ही आहे. सिएराला सुमो आणि पिकअपपासून वेगळी काढून, उच्चासनावर बसवून, ते जिच्यावर ती उभी आहे ती फांदीच नजरेआड करतात. सुमोचे उत्पादन 2019 मध्ये थांबले. तत्पूर्वीच तिची इंजिने बदलत गेली होती. जुन्या इंजिनाच्या सुट्या भागांना गिऱ्हाईक देणाऱ्या कामकरी गाड्या जसजशा कमी होतील, तसतशी हौशी मालकाची गरज लेथवर एकेक भाग करून घेण्यावर येऊन ठेपेल. पद्मिनीच्या बाबतीत हे घडून गेले आहे. ताडदेव आरटीओत शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी नोंदली गेली, आणि 20 वर्षांच्या वयोमर्यादेनुसार 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर एकही अधिकृत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. टॅक्सीमुळे चालणारा सुट्या भागांचा व्यवहार तिच्याबरोबर ओसरणे क्रमप्राप्त आहे. यापैकी किमान एक टॅक्सी जतन करावी, अशी मागणी मुंबई टॅक्सीमेन्स युनियनने शासनाकडे केली होती. संग्राहकांच्या वर्तुळाबाहेरून, पोटासाठी गाडी चालवणाऱ्यांच्या संघटनेकडून ती यावी, ही बाब बोलकी आहे.

नवी सिएरा :

25 नोव्हेंबर 2025 रोजी टाटा मोटर्सने ‘सिएरा’ हे नाव पुन्हा बाजारात आणले. ही गाडी पाच दारांची आहे. मागील भागातील काळ्या पट्ट्याची रचना जुन्या काचेचे स्मरण करून देते, पण छतात वळणारी अखंड काच तिच्यात नाही. जुन्या चाहत्यांपैकी काहींना हा अवमान वाटेल. समीक्षेच्या दृष्टीने पाहता उत्पादकाने येथे जुन्या गाडीचे अधिक प्रामाणिक वाचन केले आहे, असे म्हणावे लागते. ग्राहकाने 1991 मध्ये जे नाकारले ते त्याने टाळले आणि जे आठवणीत राहिले त्याची खूण ठेवली. मात्र जुन्या गाडीच्या मालकाला याचा उपयोग शून्य. नाव परत आले, काच परत आली नाही.

कायद्याची दृष्टी :

खासगी मोटारीची मूळ नोंदणी 15 वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण, शुल्क आणि पर्यावरण कर. दुसऱ्या टोकाला, केंद्र शासनाने जुलै 2021 मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेले आणि मूळ रूपात राखलेले वाहन ‘व्हिंटेज’ मानले जाते व त्यास ‘व्हीए’ ही स्वतंत्र क्रमांकमालिका मिळते. अशा वाहनाचा दैनंदिन वा व्यापारी वापर करता येत नाही. या दोन टोकांच्या मधली 35 वर्षे मोटार ना नवी ना वारसा. शासनाच्या लेखी ती केवळ जुनी असते, आणि मोडीत काढण्याच्या धोरणाचा रोखही तिच्याकडेच असतो. प्रदूषणाचा मुद्दा खोटा नाही. जुने डिझेल इंजिन धूर ओकते, आणि चाहत्यांनी त्याचे समर्थन करू नये. परंतु वर्षातून थोडेच किलोमीटर चालणारी जतन केलेली गाडी आणि रोज भाडी मारणारी गाडी यांना एकच माप लावल्याने वारसा ठरण्याआधीच वस्तू नष्ट होते.

1991 मध्ये नोंदलेली सिएरा 2041 मध्ये त्या व्याख्येच्या उंबरठ्यावर येईल. तोपर्यंत तिला पाच-पाच वर्षांची पासिंगे पार करायची आहेत. मधल्या काळात भाग न मिळाल्याने ज्या मालकाने निरुपायाने दुसऱ्याच जातीचे इंजिन बसवून घेतले असेल, त्याच्या गाडीपुढे ‘मूळ रूप’ या अटीची अडचण तेव्हाही उभी राहील.