गल्ल्याचं वर्णन करताना काय सुटतं?

मागच्या आठवड्यात प्रबंधाचं काम बाजूला ठेवून मी जुन्या यांत्रिक गल्ल्यांचे व्हिडिओ बघत बसले होते. त्यात बिडाचा एक गल्ला होता. हातावर नाणं ठेवायचं, मागचा खटका दाबायचा. हात वर जातो, नाणं तोंडात पडतं आणि डोळे फिरतात. मी लगेच वहीत तरफेची आकृती काढली. छान जमली. फक्त त्यात चेहरा नव्हता, आणि खरी गोष्ट तर चेहऱ्यातच होती.

तो चेहरा कृष्णवर्णीय माणसाचा आहे : कोळशासारखा रंग, जाड लाल ओठ, बटबटीत डोळे. गल्ल्याच्या मूळ नावात वांशिक शिवी आहे, म्हणून ते इथे लिहीत नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या शेपर्ड हार्डवेअर कंपनीने १८८०च्या दशकात तो बाजारात आणला. काळ बघा. गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली होती आणि १८७७ नंतर दक्षिणेत कृष्णवर्णीयांना मिळालेले हक्क एकेक करून काढून घेतले जात होते. त्याच काळात घरातलं मूल बचत शिकता शिकता एका माणसाला 'खाऊ घालत' होतं आणि हसत होतं. दर नाण्यामागे तोच धडा.

जुन्या वस्तूंच्या बाजारात याचं वर्णन साधारण असं असतं : बीड, रंग बरा, खटका चालू. यातलं काहीच चूक नाही. पण बिनचूक वर्णन पूर्ण असतंच असं नाही. 'जुनं आहे, इतिहास म्हणून ठेवतो' हा युक्तिवादही मला पटत नाही, कारण अशा गल्ल्यांच्या नकला नव्याने बनतात आणि विकल्या जातात. म्हणजे मागणी फक्त जुनेपणाला नाही.

मग अशा वस्तूंचं करायचं काय? कलाकार बेटी सार यांनी १९७२ साली स्वयंपाकघरातल्या हसऱ्या 'मॅमी' बाहुलीच्या हातात झाडूसोबत बंदूक दिली. समाजशास्त्रज्ञ डेव्हिड पिलग्रिम यांनी लहानपणी अशीच एक मीठदाणी विकत घेऊन फोडली होती. मोठेपणी मात्र अशा हजारो वस्तू जमवल्या. त्यांतून मिशिगनमधल्या फेरिस स्टेट विद्यापीठात जिम क्रो म्युझियम उभं राहिलं. सार यांचं उत्तर जास्त धारदार आहे, पण संशोधनाच्या दृष्टीने मला पिलग्रिम यांचा मार्ग जास्त उपयोगी वाटतो. एक मीठदाणी बघून कुणी 'गंमत आहे' म्हणेल. तोच चेहरा मीठदाणी, बरणी, गल्ला, खेळणं असा सगळीकडे दिसला की ती व्यवस्था आहे हे कळतं. संग्रहाची मर्यादा एवढीच की वस्तू बनवणाऱ्याची नजर त्यात ठळक दिसते, पण त्या घरात काम करताना रोज ती बघावी लागणारी बाई दिसत नाही. तिच्यासाठी आठवणी, पत्रं, मुलाखतींकडे जावं लागतं.

तुम्ही संशोधनाच्या तयारीत असाल तर एवढं करा. कुठल्याही वस्तूची नोंद करताना साहित्य आणि मापं लिहून झाली की आणखी दोन रकाने ठेवा : ही वस्तू वापरणाऱ्याकडून काय करून घेते? आणि कुणाच्या समोर?

मी माझी आकृती परत काढली. या वेळी चेहरा काढला, आणि खटका दाबणारं बोटही.